चाळीस प्रकाशवर्षांवरची हवा

दर दोन-चार महिन्यांनी वर्तमानपत्रात बातमी येते: पृथ्वीसारखा ग्रह सापडला. सोबत निळ्या समुद्राचं आणि पांढऱ्या ढगांचं सुरेख चित्र असतं. ते एखाद्या चित्रकाराने कल्पनेने काढलंय, हे खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं. त्या ग्रहाचा फोटो कुणाकडेच नसतो. बहुतेक वेळा तो ग्रह कुणी थेट पाहिलेलाही नसतो. तरी बातमीत पुढे ठामपणे लिहिलेलं असतं, की तिथे पाण्याची वाफ आहे, किंवा मिथेन आहे, किंवा हवाच नाही.

जो ग्रह दिसतच नाही, त्याच्या हवेत काय आहे हे कळतं कसं? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, जो शाळेतली मुलं हमखास विचारतात: तिथे आपल्याला श्वास घेता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आज चांगलं देता येतं. दुसऱ्याचं उत्तर अजून कुणापाशी नाही, पण ते शोधायचं कुठे, हे आता बरंच स्पष्ट झालंय. श्वास घेण्याजोगी हवा कुठल्याही ग्रहाला जन्मतः मिळत नाही. निदान आपल्या माहितीतल्या एकमेव उदाहरणात तरी ती तिथल्या सजीवांनी तयार केली आहे. त्यामुळे अशा हवेचा शोध हा शेवटी जीवसृष्टीचाच शोध ठरतो.

दिसत नाही, पण आड येतो

सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह म्हणजे बाह्यग्रह. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला बाह्यग्रह १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलो या स्विस शास्त्रज्ञांना सापडला. त्याबद्दल त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा हा ग्रह, ५१ पेगासी बी, आपल्या ताऱ्याभोवती अवघ्या सव्वाचार दिवसांत फेरी मारतो. आज नोंद झालेल्या बाह्यग्रहांची संख्या ६,०००च्या पुढे गेली आहे. त्यांतले काही अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूवरच्या वेधशाळेतून शोधले आहेत.

यांतले बहुसंख्य ग्रह सापडले ते अधिक्रमणामुळे, म्हणजे ग्रह आपल्या ताऱ्यापुढून सरकल्यामुळे. ८ जून २००४ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना आपल्याकडे अनेकांनी पाहिला होता. सूर्यावर एक काळा ठिपका, एवढंच दिसलं होतं. बाह्यग्रहाच्या बाबतीत तो ठिपकाही दिसत नाही, कारण तारा इतका लांब असतो की दुर्बिणीतूनही तो प्रकाशाचा एक बिंदूच राहतो. मात्र ग्रह आड आला की त्या बिंदूचा उजेड थोडा उतरतो आणि ग्रह बाजूला झाला की पूर्ववत होतो. हे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा घडू लागलं, की तिथे ग्रह आहे असं धरता येतं. उजेड किती उतरला यावरून ग्रहाचा आकार कळतो आणि किती दिवसांनी उतरला यावरून त्याचं ताऱ्यापासूनचं अंतर.

गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्याचा सुमारे एक टक्का उजेड अडवतो. पृथ्वीएवढा ग्रह अडवतो दहा लाखांतले ८४ भाग, आणि तेही वर्षातून एकदा, जेमतेम तेरा तास. शिवाय ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असावी लागते. पृथ्वीसारख्या कक्षेबाबत ही शक्यता दोनशेत एक एवढीच आहे. म्हणून नासाच्या केप्लर दुर्बिणीने २००९ पासून दीड लाखाहून जास्त ताऱ्यांवर एकाच वेळी नजर ठेवली, तेव्हा कुठे नऊ वर्षांत अडीच हजारांहून जास्त ग्रह हाती आले.

आता हवेकडे वळू. १७६१ सालच्या शुक्राच्या अधिक्रमणात रशियाच्या मिखाईल लोमोनोसोव यांना, शुक्र सूर्यबिंबाच्या काठावर असताना, त्याच्याभोवती उजेडाची एक कड दिसली. सूर्याचा प्रकाश शुक्राच्या वातावरणातून वाकून येतोय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शुक्राला दाट वातावरण आहे हे पुढे सिद्धच झालं. बाह्यग्रहाची हवा ओळखण्याची आजची मुख्य पद्धत याच कडेवर अवलंबून आहे. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाभोवतीच्या हवेच्या पातळ कड्यातून गाळून आपल्यापर्यंत पोहोचतो. ग्रहाचा खडक सगळाच प्रकाश अडवतो. हवा मात्र निवडून अडवते.

रंग गिळणारे वायू

कोकम सरबताचा ग्लास उजेडापुढे धरला, तर पलीकडून येणारा उजेड लाल दिसतो. तो लाल रंग सरबताने निर्माण केलेला नसतो. पांढऱ्या उजेडातले हिरवे-निळे रंग त्याने गिळलेले असतात आणि उरलेला लाल आपल्या डोळ्यांत येतो. आता समजा, ग्लास आपल्याला दिसतच नाही. फक्त त्यातून आलेला उजेड दिसतो, आणि कुठला रंग किती कमी झाला हे मोजायचं यंत्र हाताशी आहे. तेवढ्यावरून ग्लासात कोकम आहे, पन्हं आहे की नुसतं पाणी, हे सांगता येईल. ते किती दाट आहे, हेही.

वायू हेच करतात, फक्त सरबतापेक्षा कितीतरी काटेकोरपणे. प्रत्येक वायूच्या रेणूची कंप पावण्याची आणि गरगरण्याची ठरावीक लय असते. त्या लयीला जुळणारा प्रकाश तो शोषतो, बाकीचा जाऊ देतो. प्रकाशलहरींची लांबी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनपाशी ठळकपणे प्रकाश गिळतो, ओझोन ९.६ पाशी, आणि ऑक्सिजन ०.७६ पाशी, म्हणजे आपल्याला दिसणारा लाल रंग संपतो त्याच्या किंचित पलीकडे. प्रकाश असा लहरींनुसार पसरवून मिळालेल्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. त्यात कुठे खाच पडली आहे हे पाहायचं आणि वायूचं नाव ओळखायचं.

ही विद्या नवी नाही. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी कोकणात विजयदुर्गावरून निघून गुंटूर, मच्छलीपट्टणकडे गेली होती. त्या ग्रहणात भारतातून सूर्याचा वर्णपट पाहणाऱ्यांना एक पिवळी रेघ दिसली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी तिचा पाठपुरावा केला आणि ती तोवर माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही, असा निष्कर्ष काढला. ते होतं हेलियम. पृथ्वीवर ते विल्यम रॅम्से यांच्या हाती लागलं १८९५ मध्ये. म्हणजे एक मूलद्रव्य माणसाला आधी पंधरा कोटी किलोमीटरवर सापडलं आणि मग घरी. बाह्यग्रहांबाबत आपण अंतर वाढवलंय, पद्धत तीच आहे.

एचडी २०९४५८ बी या सुमारे १६० प्रकाशवर्षांवरच्या वायूच्या गोळ्यात सोडियम असल्याचं डेव्हिड शार्बोनो यांच्या गटाने हबल दुर्बिणीतून ओळखलं. ही बातमी २००१ च्या अखेरीस आली. परक्या ग्रहाच्या हवेतला पहिला घटक तो. २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली. तिचा आरसा साडेसहा मीटर रुंद आहे आणि पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर ती थंड अंधारात काम करते. पुढच्याच वर्षी तिने वास्प-३९ बी या सातशे प्रकाशवर्षांवरच्या ग्रहावरचा कार्बन डायऑक्साइड इतक्या स्वच्छपणे दाखवला, की तो आलेख पाहताना शंकेला जागाच उरत नाही.

पण हे सगळे फुगलेले, तापलेले, राक्षसी ग्रह. त्यांची हवा हजारो किलोमीटर जाड असते. पृथ्वीची, प्रकाशावर ठसा उमटवण्याइतपत दाट हवा जेमतेम काही दहा किलोमीटर उंच आहे. परका खगोलशास्त्रज्ञ आपल्याकडे पाहत असेल, तर सूर्यापुढून पृथ्वी जाताना आपल्या हवेमुळे पडणारा फरक त्याला मिळेल दहा लाखांत सुमारे एक भाग. वेब दुर्बिणीलाही हे झेपत नाही.

चौकट: फुफ्फुसांच्या अटी

*समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब १ बार धरला, तर त्यात ऑक्सिजनचा वाटा सुमारे ०.२१ बार असतो. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, तो जवळपास दोन-तृतीयांश उरतो आणि उतरल्या दिवशीच धाप लागते. पेरू देशातल्या ला रिंकोनादा या पाच हजार मीटरवरच्या खाणगावात माणसं निम्म्याच्या आसपास ऑक्सिजनवर कायमची राहतात. माणसाची वस्ती याहून फार वर टिकत नाही. दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन ०.५ बारच्या वर बराच काळ राहिला तर फुफ्फुसांना इजा होते. कार्बन डायऑक्साइड आपल्या हवेत दहा लाखांत ४२०हून थोडा जास्त आहे. तो चार टक्क्यांवर गेला की जिवाशी गाठ. कार्बन मोनॉक्साइड तर हजारात एक भागही काही तासांत प्राण घेऊ शकतो. उरलेली जागा भरायला नायट्रोजनसारखा निरुपद्रवी वायू हवा.*

ऑक्सिजन टिकतच नाही

या अटी पाहिल्या की शुक्र आणि मंगळ लगेच बाद होतात. दोन्हींची हवा ९५ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइडची आहे. शुक्रावर ती पृथ्वीच्या नव्वदपट दाबाची आणि साडेचारशे अंशांहून तापलेली आहे, तर मंगळावर एक टक्क्याहूनही कमी दाबाची. पण पृथ्वीही या अटी कायम पुरवत आली आहे, असं नाही.

पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं. त्यातली पहिली दोन अब्ज वर्षं हवेत मोकळा ऑक्सिजन जवळपास नव्हताच. नीलहरित जिवाणू समुद्रात उन्हाच्या बळावर पाणी फोडून ऑक्सिजन सोडत राहिले, पण तो समुद्रातल्या विरघळलेल्या लोहाने आणि ज्वालामुखींच्या वायूंनी गिळून टाकला. गोव्यात आणि सिंधुदुर्गातल्या रेडीला जे लोहखनिज खणलं जातं, ते अशाच अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साठलेल्या पट्टेदार लोहस्तरांतून आलेलं आहे. जगभरातल्या अशा थरांमध्ये त्या काळातला कितीतरी ऑक्सिजन अडकून पडला आहे. सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी गिळणारे थकले आणि ऑक्सिजन हवेत साठू लागला. आजच्याइतकी पातळी तर गेल्या साधारण चाळीस कोटी वर्षांतली. पृथ्वीच्या इतिहासातला एखादा क्षण डोळे मिटून निवडला आणि माणसाला तिथे उभं केलं, तर बहुतेक वेळा तो गुदमरून मरेल. सजीव मात्र तेव्हाही असतील, भरपूर असतील.

'जीवनयोग्य' आणि 'श्वास घेण्याजोगा' यांत म्हणून फार अंतर आहे, आणि बातम्यांत ते सर्रास पुसलं जातं. ताऱ्यापासून ज्या अंतरावर पाणी द्रवरूपात राहू शकतं, त्या पट्ट्याला वासयोग्य पट्टा म्हणतात. त्या पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला ग्रह उबदार राहायला कित्येक बार कार्बन डायऑक्साइड लागतो. तिथे जिवाणू सुखाने नांदतील, आपण दोन श्वासांत कोसळू. तांबड्या, मंद ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर कार्बन मोनॉक्साइडही साचून राहण्याची शक्यता जास्त असते, असं २०१९ मध्ये एडवर्ड श्विटरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. आपल्यासारख्या प्राण्यांना चालेल असा पट्टा त्यांच्या हिशेबात बराच आक्रसतो. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. पृथ्वीसारखे ग्रह आकाशगंगेत अब्जावधी आहेत, असे आकडे ऐकताना तो हाताशी ठेवावा.

ऑक्सिजन भारी खादाड वायू आहे. लोखंड गंजवतो, लाकूड जाळतो, दिसेल त्याच्याशी संयोग पावतो. पृथ्वीवरची प्रकाशसंश्लेषणाची क्रिया थांबली, तर हवेतला ऑक्सिजन काही दशलक्ष वर्षांत खडकांत आणि वायूंत मुरून जाईल. एखाद्या ग्रहावर तो टिकून दिसत असेल, तर कुणीतरी तो सतत नव्याने सोडत असलं पाहिजे. शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९६५ मध्ये हाच धागा पकडला: जीवसृष्टी शोधायची, तर शेजारी नांदू न शकणारे वायू एकाच हवेत एकत्र दिसतात का, ते पाहा.

या कल्पनेची चाचणी एकदा खरोखर झाली, आणि ती पृथ्वीवरच. गुरूकडे निघालेलं नासाचं गॅलिलिओ यान वेग मिळवायला पृथ्वीला वळसा घालून जाणार होतं. ८ डिसेंबर १९९० रोजी ते आपल्यापासून ९६० किलोमीटरवरून गेलं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी त्याची उपकरणं पृथ्वीकडे वळवून घेतली आणि असं ठरवलं, की या ग्रहाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही असं धरून चालायचं. काय सापडलं? भरपूर ऑक्सिजन. त्याच्या जोडीला मिथेन. मिथेन ऑक्सिजनच्या सहवासात दहा-बारा वर्षांच्या पलीकडे टिकत नाही, म्हणजे तो कुठून तरी सतत येत होता. आपल्याला माहीत आहे कुठून: दलदलींतून, भातखाचरांतून, गाई-म्हशींच्या पोटातून. जमिनीच्या मोठ्या भागावर लाल प्रकाश गिळणारं कुठलंतरी रंगद्रव्य पसरलेलं दिसलं. ते होतं पानांतलं हरितद्रव्य. शिवाय निसर्गात कुठे आढळत नाहीत अशा रेडिओलहरी. १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हा निबंध आला. पृथ्वीवर जीवसृष्टी आहे असं त्यात पुराव्यानिशी मांडलं होतं, आणि आजही बाह्यग्रहांवर काम करणारे लोक तो निबंध नमुना म्हणून पुढे ठेवतात. एक पुरावा पुरत नाही. तीन-चार स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने बोट दाखवायला हवेत, हे त्यात करून दाखवलेलं आहे.

कुंभ राशीतले सात खडक

पृथ्वीची हवा दहा लाखांत एक भाग एवढाच ठसा उमटवते, तर तो मोठा कसा करायचा? ग्रह मोठा करता येत नाही, मग तारा लहान निवडायचा. छोट्या ताऱ्यापुढून तेवढाच ग्रह गेला, तर झाकलेला वाटा वाढतो.

असा तारा मिळाला. कुंभ राशीच्या दिशेने, चाळीस प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचे मिशेल गियों यांच्या गटाने चिलीतल्या ट्रॅपिस्ट नावाच्या, अवघ्या ६० सेंटिमीटर आरशाच्या दुर्बिणीने त्याचे पहिले ग्रह पकडले. फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झालं, की या ट्रॅपिस्ट-१ ताऱ्याला पृथ्वीच्या आकाराचे सात खडकाळ ग्रह आहेत. तारा आकाराने गुरूहून थोडासाच मोठा आहे, सूर्याच्या १२ टक्के. ग्रहांना आतून बाहेर बी, सी, डी, ई अशी अक्षरं दिली आहेत. त्यातला ई सर्वांत जास्त आशेचा. तो पृथ्वीच्या ९२ टक्के आकाराचा आहे आणि त्याला पृथ्वीच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊन मिळतं. त्याचं वर्ष सहा दिवसांचं. तो ताऱ्याचा अर्धा टक्का उजेड अडवतो, आणि त्याच्याभोवती पृथ्वीसारखी हवा असेल तर तिचा ठसा दहा लाखांत काही दहा भागांपर्यंत जाईल. वेबला हे जमण्याजोगं आहे.

सुरुवात बी पासून झाली, आणि वेगळ्या पद्धतीने. ग्रह ताऱ्याच्या मागे जातो तेव्हा त्याची स्वतःची उष्णता आपल्याला मिळेनाशी होते. मागे जाण्याआधीचा उजेड उणे मागे गेल्यावरचा उजेड, बरोबर ग्रहाची उष्णता. हवा असेल तर ती दिवसाकडची ऊब रात्रीकडे वाहून नेते आणि दिवसाची बाजू थोडी निवते. हवा नसेल तर सगळी ऊब उन्हातल्या खडकातच राहते. थॉमस ग्रीन यांच्या गटाने अशी पाच ग्रहणं मोजली आणि मार्च २०२३ मध्ये उत्तर दिलं: दिवसाची बाजू सुमारे २३० अंश सेल्सियस. काळ्या, उघड्या खडकाचं गणित करून जो आकडा येतो, जवळपास तोच. बी वर जाड हवा असण्याची शक्यता त्यामुळे फार कमी झाली. काही महिन्यांनी सी वरही शुक्रासारखं दाट वातावरण नसल्याचं दिसलं.

निराशा झाली, पण मला ही कामगिरी फार मोठी वाटते. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या खडकाचं तापमान माणसाने मोजलं. आजच्या व्हॉयेजर यानाच्या वेगाने तिथे जायला सात लाख वर्षं लागतील.

ई ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण त्यात ताराच आडवा येतो. ट्रॅपिस्ट-१ चा पृष्ठभाग इतका थंड आहे की त्याच्या डागांमध्ये पाण्याची वाफसुद्धा टिकते. शिवाय त्याच्यावर वारंवार भडके उडतात. त्यामुळे वर्णपटात वाफेची खाच दिसली, तर ती ग्रहाची की ताऱ्याच्या डागांची, हे सांगणं अवघड होतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ई च्या पहिल्या चार अधिक्रमणांचे निष्कर्ष आले. प्रत्येक वेळचा वर्णपट वेगळा होता, आणि तो फरक ताऱ्याचा होता. जाड हायड्रोजनची हवा बाद झाली, शुक्रासारखीही संभवत नाही. नायट्रोजनची हवा मात्र बाद झालेली नाही आणि उघडा खडकही बाद झालेला नाही.

त्यावर संशोधकांनी एक सुंदर तोडगा काढला. बी आणि ई एकापाठोपाठ ताऱ्यापुढून जातात अशा वेळा निवडायच्या. बी ला हवा नाही असं धरलं, तर त्याच्या अधिक्रमणात दिसणाऱ्या सगळ्या खाचा ताऱ्याच्याच असणार. त्या ई च्या वर्णपटातून वजा करायच्या. जे उरेल ते ई चं. ज्या खडकाने निराशा केली, त्याचाच हा उपयोग आहे. हे काम चालू आहे.

घाईने काढलेलं अनुमान

एप्रिल २०२५ मध्ये जगभर गाजलेली बातमी मात्र दुसऱ्याच ग्रहाची होती. सिंह राशीतला के२-१८ बी, १२४ प्रकाशवर्षांवरचा, पृथ्वीच्या २.६ पट आकाराचा. केंब्रिज विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने २०२३ मध्ये तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड ओळखला, आणि ते काम भक्कम आहे. पुढे त्यांनी डायमिथाइल सल्फाइडची चाहूल लागल्याचं जाहीर केलं. हा वायू पृथ्वीवर प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती सोडतात. पण आकडेवारीचा जोर त्यांच्याच मोजमापात तीन सिग्मा होता (सिग्मा जितके जास्त, तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी). शोध लागला असं म्हणायला पाच सिग्मा लागतात. इतर गटांनी तीच मोजमापं स्वतंत्रपणे तपासली, तेव्हा तो ठसा पक्का म्हणण्याइतका उरला नाही. शिवाय हाच वायू ६७पी या धूमकेतूवरही सापडलेला आहे आणि तिथे समुद्र नाही.

ती बातमी ज्या थाटात पसरली, तेवढा आधार तिला नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि समजा ती उद्या खरी निघाली, तरी तिथली हवा हायड्रोजनची आहे. जिवाणू आणि यीस्ट शुद्ध हायड्रोजनमध्ये वाढू शकतात, हे सारा सीगर यांच्या गटाने २०२० मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं आहे. माणूस नाही वाढू शकत.

ऑक्सिजन दिसला, तरीही

उद्या कुठे ऑक्सिजन सापडला, म्हणजे काम झालं असंही नाही. तांबडे तारे तरुणपणी बराच काळ जास्त प्रखर असतात. त्या काळात ग्रहावरच्या समुद्राची वाफ होते, अतिनील किरण वाफेच्या रेणूंचे तुकडे करतात, हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि जड ऑक्सिजन मागे राहतो. रॉड्रिगो लुगर आणि रॉरी बार्न्स यांनी २०१५ मध्ये गणित मांडलं, की अशा रीतीने शेकडो बार ऑक्सिजन साचू शकतो. जीवसृष्टी शून्य, समुद्र आटलेला आणि हवा ऑक्सिजनने गच्च. म्हणून ऑक्सिजनच्या जोडीला मिथेन आणि पाण्याची वाफ दोन्ही दिसायला हवीत, आणि कार्बन मोनॉक्साइड फारसा दिसायला नको.

नायट्रोजनची अडचण आणखी वेगळी. आपल्या हवेचा ७८ टक्के भाग तोच आहे, पण त्याचे दोन्ही अणू सारखेच असल्याने त्याचा रेणू अवरक्त प्रकाश जवळपास गिळतच नाही. श्वास घेता येईल की नाही, हे ज्या भरणीवर ठरतं, तीच नजरेला पडत नाही. रेणू एकमेकांवर आदळताना क्षणभर जो थोडा प्रकाश शोषतात, त्यावरून किंवा हवेच्या एकूण दाबावरून तिचा अंदाज बांधावा लागतो.

पुढची झेप सूर्यासारख्या ताऱ्यांकडे घ्यायची आहे, जिथे भडके कमी आणि वर्षं लांब. तिथे अधिक्रमणाची पद्धत पुरत नाही. ताऱ्याचा उजेड झाकून ग्रहाकडून येणारा प्रकाश टिपावा लागेल. पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे दहा अब्ज पटींनी फिकी आहे, म्हणजे झाकणं किती नेमकं हवं याची कल्पना येईल. नासाच्या नियोजित हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरीचं उद्दिष्ट अशा किमान २५ जीवनयोग्य ग्रहांची हवा तपासण्याचं आहे. ती २०४० च्या दशकाआधी अवकाशात जाणार नाही.

जमिनीवरून प्रयत्न त्याआधी सुरू होतील. तीस मीटर आरशाच्या टीएमटी दुर्बिणीच्या प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि पुण्याची आयुका ही खगोलसंशोधन संस्था त्यात सहभागी आहे. चिलीत सेरो आर्माझोनेस डोंगरावर ३९ मीटर आरशाची ईएलटी दुर्बीण उभी राहतेय. जमिनीवरून परका ऑक्सिजन शोधताना पहिला अडथळा असतो तो आपल्याच ऑक्सिजनचा. ०.७६ मायक्रॉनचा प्रकाश दुर्बिणीत शिरण्याआधी आपली हवाच गिळून बसते. पण ग्रह आणि पृथ्वी एकमेकांच्या सापेक्ष सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने सरकत असतात, त्यामुळे परक्या ऑक्सिजनच्या रेघा आपल्या रेघांपासून किंचित बाजूला पडतात. वर्णपट पुरेसा बारीक पसरवला, तर आपल्या दोन रेघांच्या फटीतून परकी रेघ वाचता येते. इग्नास स्नेलेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ही पद्धत हिशेबासकट मांडली. एका-दोन अधिक्रमणांत भागणार नाही, डझनावारी अधिक्रमणांची बेरीज करावी लागेल. ट्रॅपिस्ट-१ ई दर सहा दिवसांनी ताऱ्यापुढून जातो खरा, पण ते चिलीत रात्र असताना, आभाळ निरभ्र असताना आणि कुंभ रास वर आलेली असताना घडलं पाहिजे. अशी अधिक्रमणं वर्षाकाठी मोजकीच मिळतात, आणि ती मोजणी पुरी करायला एका पिढीचं काम पुढच्या पिढीला हाती घ्यावं लागेल.